गुलाबाला बांधलेली ट्यूब

मी एका जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. मित्रांनो, बोटभर काळ्या रबराला कसला आला अभिमान, असे तुम्ही म्हणाल. पण कळमनुरीतील मकबूलभाईंच्या अंगणातला गुलाब आधी पाहा, मग माझ्याशी वाद घाला.

मकबूलभाई पंक्चर काढतात. त्यांच्याच चाकात राहून मी वर्षानुवर्षे आठवडी बाजाराची वाट तुडवली. अंगावर ठिगळे वाढली आणि अखेर मी दुकानामागच्या ढिगात पडले. उन्हाने करपत होते, तरी कोणी विचारले नाही.

एके दिवशी शेजारच्या जिवनबाई केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळलेली काडी घेऊन आल्या. हट्टा गावाजवळ, माहेरच्या तांड्यावर त्यांच्या दिवंगत आईने लावलेला गुलाब नव्या बांधकामात उपटला गेला होता. काडीवर एकच डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, जिवंत होता. मकबूलभाईंना कलमांचा नाद. त्यांनी अंगणातल्या रानगुलाबाची साल चिरून तो डोळा आत बसवला आणि ट्यूबमधून मला कापून त्यावर बांधले. हात पंक्चरवाल्याचा, हवादेखील निसटू नये इतके त्यांनी मला आवळले.

डोळा हिरवा राहिला, फुगला, पण फुटेना. खोड जाड होत होते आणि मी सालीत रुतत होते. सैल होणे माझ्या हाती नव्हते.

"पट्टी काहून सोडून न्हाई राहिले तुमी?" जिवनबाईंनी विचारले.

"लावलेलं ठिगळ कोणी परत काढतं का, बाई? सोडली अन् डोळा गळाला, तर दुसरा कुठून आणू?"

"ट्यूबात हवा असती, मकबूलभाई. याच्यात जीव हाय. तुमी त्याचा गळा आवळून राहिले. सोडा. गळाला तर माझ्या मायचा गळंल, तुमाला बोल न्हाई."

मकबूलभाईंनी श्वास रोखून गाठ सोडली. एकेक वेढा उलगडला. शेवटचा वेढा निघाला, तरी डोळा जागचा हलला नाही. रानगुलाबाने त्याला आपलेसे केले होते.

मग त्यांनी रानगुलाबाचा वरचा शेंडा छाटताच त्या डोळ्यातून तांबूस कोंब उसळला, आणि थंडीत फूल आले. जिवनबाईंनी ते हुंगले व डोळे मिटून म्हटले, "व्हय. हाच."

"आता तुमच्या तांड्याला रोप माझ्याकडून न्यावं लागंल," मकबूलभाई ऐटीत म्हणाले.

"न्हेते की. पर पट्टी मी सोडणार."

मित्रांनो, त्या फुलाजवळ आज मी नाही, आणि माझ्या विजयाचा याहून सबळ पुरावा नाही. पुढच्या कलमाची वाट पाहत मी खिळ्यावर दिमाखाने लोंबते आहे. तुम्हीही कलम कराल, तेव्हा माझ्यासारखी पट्टी ढिगातून जरूर उचला. नीट बांधा, आणि डोळ्याने जीव धरला की सोडायला कचरू नका.