न धुतलेला उजवा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. गोलकीपरचा, उजव्या हाताचा. एके काळी लोक मला भाग्यवान म्हणायचे. तो शब्द मला अजूनही नकोसा वाटतो, कारण ग्रीसच्या त्या समुद्रकाठच्या गावात भाग्यवान म्हणजे कधीही न धुतलेला.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरंशुभ्र अंग, मऊ रबरी तळवा, नव्या वस्तूचा छान वास. यागोदा नावाच्या पोलिश बाईने मला आणि माझ्या डाव्या भावाला नवऱ्याच्या नामदिनाची, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाची, भेट म्हणून घेतलं. नवऱ्याचं नाव सिल्वेस्टर कान्या. घरात सगळे त्याला सिल्वेक म्हणत. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा, तिशी ओलांडलेला. मायदेशात जागा मिळेना म्हणून देशोदेशी खेळत हिंडला आणि जिथे गेला तिथे दुसऱ्या नंबरचा गोलकीपर म्हणून बाकावर बसला. ग्रीसमध्येही तेच. मला वाटलं, बाकावरच्या माणसाचे मोजे निदान स्वच्छ तरी राहतील. कसलं काय!

पहिल्याच दिवशी सरावाला उतरताना सिल्वेक माझ्या तळव्यावर पचकन थुंकला. चेंडू हाताला चिकटावा म्हणून गोलकीपर असं करतात म्हणे. करोत बापडे! माझा तर जीव नकोसा झाला. त्यावर आणखी लेफ्तेरिसकाका. हे संघाचे कपडे, बूट, मोजे सांभाळणारे म्हातारे. गावात कुणाला दृष्ट लागू नये म्हणून लोक तीनदा "फ्तू, फ्तू, फ्तू" करतात. बाकीचे नुसता आवाज काढतात. लेफ्तेरिसकाकांचं मात्र नुसत्या आवाजावर कधी भागलं नाही. कांदा आणि तंबाखू यांचा तो एकत्रित वास मी जन्मात विसरणार नाही.

मग पहिल्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि सिल्वेक मैदानात उतरला. सामना जिंकला. संध्याकाळी त्याने मला कोमट पाण्याच्या बादलीत बुडवायला उचललं, तोच काका ओरडले, "थांब! जिंकलेल्या मोज्याला साबण? डोकं फिरलं का तुझं?"

"काका, वास मारतोय तो."

"मारू दे. वासाने गोल होत नाहीत. धुतलास की नशीब गटारात जाईल, आणि मग गाव तुला गटारात घालेल."

सिल्वेक हसला आणि मला तसाच खुंटीवर टांगला. मित्रांनो, माझ्या नरकवासाची सुरुवात ही अशी हसण्यावारी झाली.

संघ जिंकतच गेला. घाम, थुंकी, चिखल, गवत सगळं माझ्या अंगावर थरावर थर साचत गेलं. बोटांच्या बेचक्यांत हिरवट काळी बुरशी धरली. आतलं कापड कधी वाळलंच नाही. आणि लोकांचं प्रेम तर विचारूच नका. बेकरीवाला सिल्वेकला फुकट पाव द्यायचा आणि पिठाच्या हाताने मला कुरवाळायचा. बायका लहान लेकरांना उचलून माझ्यावर त्यांचे हात टेकवायच्या. अरे, लेकरं आहेत ती! कुणाला किळस म्हणून यायची नाही. आली ती फक्त यागोदाला.

"हे बाल्कनीत ठेव," ती नाक दाबून म्हणाली. "नाहीतर तूही तिथेच झोप."

"मोसम संपेपर्यंत, यागोदा. मग स्वतः उकळून काढतो."

"तू पोलंडहून निघालास तेव्हा बरा शहाणा होतास."

त्याच सुमाराला वॉर्सातून फोन आला. पोलंडच्या राष्ट्रीय संघाला एक गोलकीपर हवा होता. त्यांचा प्रशिक्षक मोसमातला शेवटचा सामना बघायला येणार होता. सिल्वेकने लगेच बापाला फोन लावला. म्हाताऱ्याने ती बातमी दोनदा सांगायला लावली. मग म्हणाला, "थट्टा करत नाहीस ना रे? मी खाणीतल्या पोरांना सांगितलं आणि नंतर काही झालं नाही, तर मला तोंड लपवावं लागेल." सिल्वेक म्हणाला, "सांगा बाबा. खुशाल सांगा."

आणि सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात त्याचा हात गोलच्या खांबावर आपटला. अनामिका पेरापाशी मोडली, कातडी फाटली. बोट माझ्या आत सुजत चाललेलं मला कळत होतं. रक्त माझ्या घाणीत मिसळत होतं. मला ओरडता आलं असतं तर मी सगळं मैदान डोक्यावर घेतलं असतं.

संघाच्या डॉक्टरने बोट पाहिलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. क्लबचे अध्यक्ष म्हणजे ऑलिव्हच्या तेलाचे मोठे व्यापारी, मान्थोससाहेब.

"बोटच आहे ना? पाय तर नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोडलंय, साहेब. जखम उघडी आहे."

"मग बधिर करा. शेजारच्या बोटाला बांधून टाका. पोराची आयुष्यभराची संधी आहे, आपण का आडवं यायचं?"

बघा कसं बोलतात! दुसऱ्याचं बोट पणाला लावायचं आणि उपकारही आपणच केल्यासारखं दाखवायचं. डॉक्टरने मान डोलावली. काकांनी छताकडे पाहिलं. ज्याचं बोट होतं तोही "चालेल" म्हणाला. बापाने खाणीत सांगून ठेवलं होतं ना!

यागोदा सामन्याआधी कोरे मोजे घेऊन आली. "खेळायचंच असेल तर निदान हे घाल. फाटलेला हात त्या उकिरड्यात घालू नकोस."

सिल्वेकने ते हातात घेतले. मी मनातल्या मनात हात जोडले. घाल रे बाबा, तेच घाल. पण तेवढ्यात लेफ्तेरिसकाका कळवळून म्हणाले, "आजच्या दिवशी नशीब बदलतोस, पोरा?" आणि त्याने मला उचललं. काकांनी माझ्यावर तीनदा थुंकून दृष्ट काढली, त्या उघड्या जखमेच्या वर.

शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. सिल्वेक उजवीकडे झेपावला आणि चेंडू माझ्यावर, नेमका त्या बोटावर बसला. गोल वाचला. सगळं गाव मैदानात धावत आलं. मला चुंबनांवर चुंबनं मिळाली. वॉर्साचा माणूस उठून टाळ्या वाजवत होता. आणि माझ्या आत ते बोट तापत होतं.

सिल्वेकला थंडी भरली, ताप चढला. लाल रेघ मनगटापर्यंत गेली. माझ्यातली घाण त्याच्या रक्तात उतरली होती. अथेन्सच्या इस्पितळात जीव वाचला, पण अर्धी अनामिका कापावी लागली. राष्ट्रीय संघात दुसराच कुणीतरी गेला. अध्यक्ष भेटायला आले ते संत्री घेऊन. बोटाची चौकशी त्यांनी नंतर केली. आधी विचारलं, "तो मोजा कुठे आहे?"

मला क्लबाच्या ड्रेसिंग रूममध्ये काचेच्या पेटीत ठेवलं, तसाच, रक्ताथुंकीसकट. वर दिवा लावला. सिल्वेकचा करार मात्र त्यांनी वाढवला नाही.

पुढच्या मोसमात तो यागोदाबरोबर भाड्याचं घर रिकामं करायला आला. निरोप घ्यायला दोघं क्लबात आली. तेव्हा माझं लक्ष त्याच्या अंगठीकडे गेलं. उजवी अनामिका अर्धीच उरली, म्हणून ती आता डाव्या हातात होती. पोलंडमध्ये लग्नाची अंगठी उजव्या हातात असते. डाव्या हातात घालतो तो विधुर.

यागोदा काकांना म्हणाली, "बघा ना, काका. मी धडधाकट जिवंत आहे, आणि माझा नवरा विधुरासारखा हिंडतो. वाटेत बायका मला नाही, त्याला धीर देतात." ती हसत होती, पण काकांना तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात झुराब आत आला. हा जॉर्जियाचा नवा गोलकीपर. संघ पुन्हा जिंकत होता. त्याने माझ्या काचेला कपाळ टेकवलं. त्याच्या काखेतल्या मोज्यांचा वास पेटीच्या आतपर्यंत आला. वास ओळखीचाच होता. त्याच्या अंगठ्यावर फोड फुटलेला होता.

सिल्वेकने तो अंगठा पाहिला. त्याने पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि मोरीवरच्या नळाखाली धरलं. वर साबण ओतला.

अध्यक्ष धावत आले. "अरे, काय करतोस हे! आमचं नशीब आहे ते!"

सिल्वेकने ओला उजवा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. "तुमच्या नशिबाने एवढं ठेवलंय. बाकीचं खाल्लं."

पाणी काळं आलं, मग तपकिरी, मग लालसर. जरा वेळाने झुराब पुढे झाला आणि म्हणाला, "साबण सगळा संपवू नकोस. मलाही लागेल." काकांनी स्वतःच त्याला बादली आणून दिली.

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आवडत्या वस्तूची पूजा करण्याआधी ती धुवा. तुमच्यासाठी खेळणाऱ्याला टाळ्या जरूर द्या, पण त्याचं बोट दुखतंय का, हेही विचारा. आणि कुणी म्हणालं की धुतलं तर नशीब जाईल, तर आधी त्याला स्वतःचा हात आत घालायला सांगा.