तळघरातला खोकला

सलग दोन वर्षं मला खोकला होता आणि माझ्या छातीला काहीही झालेलं नव्हतं.

आमच्या रिओहात, स्पेनच्या या द्राक्षमळ्यांच्या प्रांतात, चांगली वाइन ओकच्या पिंपात चार वर्षं मुरते. दर सहा महिन्यांनी ती गाळावरून काढून दुसऱ्या पिंपात घ्यावी लागते. आमच्याकडे त्याला पंप नाही. वरच्या पिंपाची तोटी सोडली की वाइन आपल्या पायांनी खाली उतरते. तोटीशी मी बसते. शेजारी ओनोरिओकाका, एका हातात पेला, समोर पेटती मेणबत्ती. धारेखाली पेला धरायचा, ज्योतीपुढे न्यायचा आणि गाळाचा पहिला धागा दिसला की ओरडायचं, "बंद!" जरा उशीर झाला की चार वर्षांची मेहनत गढूळ. हे काम काका एक्कावन्न वर्षं डोळ्यात तेल घालून करत होते. अलीकडे फक्त त्यांना दिसत नव्हतं.

मला ते कळलं तेव्हा मेणबत्ती विझली होती आणि काका पेला धरून म्हणत होते, "स्वच्छ... अजून स्वच्छ..." मी गुपचूप मेणबत्ती पेटवली, पेल्यात पाहिलं आणि गाळ दिसताच खोकले.

"बंद!" काका म्हणाले.

त्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही. मोतीबिंदूचा विषय मी एकदाच काढला होता. "माझ्या डोळ्यात सुरी घालणारा अजून जन्मायचाय," एवढंच उत्तर मिळालं. काकांच्या घरी कोणी नव्हतं. तळघरातून काढलं असतं तर ते चौकातल्या बाकावर बसून महिन्याभरात संपले असते, आणि मला ते बघवलं नसतं. म्हणून मी खोकत राहिले.

मालक एवारिस्तो मनाने चांगले, ही त्यातली अडचण. त्यांनी आधी मध पाठवला. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि इतकी सुंदर फुप्फुसं आपण पाहिली नाहीत म्हणाले.

"म्हणजे तळघराची ओल बाधतेय," मालक म्हणाले. "कासिल्दा, सोमवारपासून तू वर लेबलं लाव."

"मी ठणठणीत आहे, मालक."

"बघू. उद्या मी खाली येऊन बसतो. एकदा जरी खोकलीस तर वर."

दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा होता, चंद्र उतरता होता. वाइन काढायला याहून चांगला दिवस नाही. मालक खोका पालथा घालून बसले. गाळ आला की आपणच तोटी बंद करायची आणि हात घसरला म्हणायचं, असं मी ठरवलं होतं. तोटी सोडली. धार स्वच्छ होती. तळघराच्या गारठ्याची सवय नसलेले मालक खोकले.

"बंद!" काका ओरडले.

मी तोटी बंद केली. मालकांनी उठून पेला पाहिला. "काका, ही तर स्वच्छ आहे."

"तुझे डोळे गेलेत, पोरा."

मी पुन्हा तोटी सोडली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोटीकडे पाहिलं. मग ते तोंडावर हात ठेवून, हळूच, मुद्दाम खोकले.

"बंद!"

मालक परत खोक्यावर बसले.

"काका," मालक म्हणाले, "माझं स्वेटर कुठल्या रंगाचं आहे?"

"तुझ्या बापाला असले प्रश्न पडत नसत."

"उद्या सकाळी सातला गाडी आणतो. लोग्रोन्योच्या इस्पितळात डोळे दाखवायचेत."

काकांनी चाचपडत पेला मेणबत्तीच्या बैठकीशी ठेवला. "आणि माझी जागा?"

"जागा तुमचीच आहे. तोवर कोणी बसणार नाही."

मला रडू फुटलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरा ठसका लागला. लेबलांचं मालकांनी पुन्हा नाव काढलं नाही.

मोतीबिंदू काढून काका मार्चमध्ये परतले. मला बघून पहिलं वाक्य, "केवढी म्हातारी झालीस गं!" मग चार दिवस त्यांनी एकच काम केलं. दोन वर्षांत आम्ही काढलेल्या प्रत्येक पिंपातून पेलाभर वाइन घ्यायची, ज्योतीपुढे धरायची आणि पुढच्या पिंपाकडे जायचं. मी मेणबत्ती घेऊन मागोमाग.

पाचव्या दिवशी वारा उत्तरेचा झाला. काकांनी मेणबत्ती पेटवली, पेला माझ्या हातात दिला आणि माझ्या स्टुलावर, तोटीशी जाऊन बसले.

"काका, आता तुम्हाला दिसतंय ना?"

"लख्ख दिसतंय. एकाही पिंपात धागा नाही." त्यांनी तोटी सोडली. "तू बघ."

धार बराच वेळ स्वच्छ येत राहिली. मग पेल्यात एक धागा तरंगला आणि सवयीने मी खोकले.

"तोंड नाही का तुला?" काका म्हणाले. "ओरड की!"

"बंद!" मी ओरडले. काकांनी तोटी बंद केली.