माझ्या पोटातली हळद

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, पण नुसती माल वाहणारी नाही. माझ्या पोटात लाकडी फळीचा पलंग आहे, शेगडीची जागा आहे, खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याजवळ आमचं गाव. एका घरासमोर नाक पुढे काढून मी उभी असते. आज मी हे सांगते आहे ते मात्र गोंदियाच्या एका दवाखान्याच्या दारातून, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रेडिएटरमध्ये हिरवंगार कुलंट होतं. इंजिनाला थंड ठेवणारं हे पाणी म्हणजे आमचं रक्तच. मला घेतलं चुन्नीलालने. तो आणि त्याची बायको शकुंतलाबाई खेळणी विकायचे. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू होत. एकीकडे दंडारीचं लोकनाट्य रंगायचं, दुसरीकडे आमच्या पिपाण्या वाजायच्या. महाशिवरात्रीला प्रतापगडाची यात्रा. दोघं माझ्यातच स्वयंपाक करायचे, माझ्यातच झोपायचे. "माह्या घराले चाकं हायेत," असं चुन्नीलाल ज्याला त्याला सांगायचा. मीही तेव्हा तोऱ्यात असायची, खोटं कशाला बोलू!

मग माझा रेडिएटर गळू लागला. मंडईच्या दिवसांत गाडी दुरुस्तीला कोण सोडणार? चुन्नीलालने आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय केला. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. हळद भेगेत जाऊन बसते आणि गळती थांबते. थांबलीही! तेव्हापासून हळदीचा डबा माझ्या डॅशबोर्डवरच राहू लागला. कुलंट संपलं तसं बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी आलं. गळलं की हळद, आटलं की पाणी. माझ्या बारीक नळ्या आतून बुजत चालल्या होत्या. मी तापून सांगत होते, पण तापलेल्या गाडीवर लोक फक्त चिडतात.

त्याच डॅशबोर्डच्या खणात आणखी एक गोष्ट असायची. कंबरदुखीच्या गोळ्यांची पाकिटं. माल उचलून कंबर धरली की चुन्नीलाल एक गोळी गिळायचा. पाय सुजले तेव्हा "काई नाई होत" म्हणून धोतराखाली झाकायचा. मी रोज पाहत होते. मला हात असते तर तो खण मी कधीच उघडू दिला नसता. त्याच गोळ्यांनी शेवटी त्याच्या किडन्या गेल्या. आता त्याला डायलिसिससाठी गोंदियाला न्यावं लागतं. एसटीत त्याला बसवत नाही, म्हणून माझ्याच पलंगावर आडवं नेतात.

गेल्या खेपेला कोहमाऱ्याच्या रस्त्यावर मी उकळले. बॉनेटमधून वाफ निघाली आणि मी जागची हलेना. ते डायलिसिस चुकलं. चुन्नीलालचं तोंड सुजलं, श्वास लागला. त्या दिवशी मला माझीच घृणा वाटली, मित्रांनो.

आज सकाळी त्याला माझ्या पलंगावर उशीला टेकून बसवावं लागलं. आडवं केलं की गुदमरायचा. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. शेजाऱ्याची जीप लग्नाला. उरले मी! चुन्नीलालची मुलगी प्रेरणा अर्जुनीच्या दुलीचंद मेकॅनिकला फोनवर विचारत विचारत माझ्याखाली शिरली. तिने खालचा नट सोडला. घमेल्यात जे पडलं ते पाणी नव्हतं, पिवळा-तपकिरी चिखल होता.

"माय वो! हे काय होय?" शकुंतलाबाई म्हणाली.

"हळद होय आई. इतक्या वर्साची."

प्रेरणाने घमेलं झाकलं, बकरीने तोंड घालू नये म्हणून. मग स्वच्छ पाणी ओतत आणि सोडत राहिली. चिखल, मग पिवळं, मग फिकट. आत चुन्नीलालचा श्वास घरघरत होता. शेवटी मागच्या खेपेनंतर आणून ठेवलेलं कुलंट भरलं. तेवढ्यात रेडिएटरच्या कडेला एक थेंब दिसला. शकुंतलाबाईने सवयीने डबा उघडला.

"नोको टाकू आई!"

"मंग गाडी चालन कशी? तुह्या बापाले पोचवाचं हाय ना!"

"हळदीनंच तं हे झालं! वरतून भरत भरत नेऊ, पण लपवाचं नाई आता."

प्रेरणाने मला सुरू केलं. काटा लगेच वर चढू लागला. माझ्या आत हवा कोंडली होती आणि पाणी पुढे सरकत नव्हतं. हवा आहे, हवा आहे, असं मी गुडगुडत ओरडत होते. प्रेरणा घाबरून रडायला लागली. तेव्हा आतल्या पलंगावरून तुटक आवाज आला.

"बंद कर तिले. थंडी होऊ दे. हवा अडकून राहिली. नाक चढावर कर तिचं... मंग झाकण खोल."

ज्याने मला बुजवलं त्यालाच माझा आवाज कळला. मी निवेपर्यंतची ती वाट पाहणं मला विसरता येणार नाही. माझ्यापायी एक माणूस श्वास मोजत होता. मग तिने मला घरासमोरच्या चढावर नेलं, झाकण काढून सुरू केलं. मोठमोठे बुडबुडे निघाले. पाणी खाली गेलं, तिने पुन्हा भरलं. बुडबुडे थांबले, झाकण बसलं, आणि आम्ही निघालो.

वाटेत ती थांबली, मला निवू दिलं, भर घातली, पुन्हा निघाली. काटा मध्यावर राहिला. दवाखान्याच्या दारात चुन्नीलालला उतरवताना त्याचा हात माझ्या दाराला लागला. "पोचवलं माय तुनं," तो म्हणाला.

आता तो आत आहे. प्रेरणा बाहेर आली, वाकून माझ्याखाली पाहिलं आणि दुलीचंदला फोन लावला, "गळून राहिली भाऊ. रेडिएटर खोलाच लागते." शकुंतलाबाई खणातली गोळ्यांची रिकामी पाकिटं मांडीवर घेऊन माझ्या पायरीवर रडते आहे. गळती माझी असो की सूज त्याची, या घरात ती झाकलीच गेली.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी म्हातारी गाडी उभी असेल तर सकाळी एकदा तिच्याखाली वाकून बघा. आणि घरात कुणी "काई नाई होत" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याचे पाय बघा.

डॉक्टर अजून काही बोलले नाहीत. माझं बॉनेट अजून गरम आहे आणि पलंगावरची उशी तशीच आहे. मला त्याला घरी न्यायचं आहे.