चार फूट पाणी

१९८७ सालच्या चैत्रात, एका सकाळी दिवस उजाडता उजाडता, सत्यभामेनं दुधाच्या कॅनचं झाकण काढलं आणि आतलं पाणी गावच्या आडात ओतलं. आधी नुसता गाळ वाजला. दहाव्या कॅनपासून पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला.

कॅन दूध सोसायटीचे होते. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेल्यापासून सोसायटीला कुलूपच होतं. चेअरमन राधाकिशन तिचा चुलत दीर, म्हणून कॅनही मिळाले आणि दोन बैलगाड्याही. गोदावरीच्या पात्रात एक डोह अजून उरला होता, तिथून रात्रभर खेपा करून हे पाणी आणलं होतं.

तिचा गहिनीनाथ तिशीला टेकला होता. तीन सोयरिकी मोडल्या होत्या. उमापूरच्या त्या अंगाला मुलीचा बाप आला की आधी आडात डोकावायचा, मग मुलाकडे बघायचा. आज मांजरसुंब्याकडून अर्जुनराव यायचे होते.

"वैनी, सांजंपर्यंत मुरून जाईल हे," रिकामे कॅन गाडीत टाकत राधाकिशन म्हणाला.

"सांजंपर्यंतच पायजे."

"अन् पोरगी आल्यावर?"

"येईल माझ्यासंगं नदीला."

अर्जुनराव दहाच्या सुमाराला आले. पायावर पाणी घेतलं, दिलेला तांब्या तोंडाला लावला. पहिला घोट त्यांनी जरा वेळ तोंडातच धरला, मग गिळला. तांब्या हातात घेऊनच आडाकडे गेले आणि वाकून बघितलं.

ते वाकलेले असतानाच जीप आली.

पुढच्या तीस वर्षांत राज्यातलं पाणी कुठं अडवायचं आणि कुणाला द्यायचं, याचा आराखडा सरकार करत होतं. त्यासाठी गावोगाव आड मोजले जात होते. गावाच्या ओढ्यावर तलाव व्हावा म्हणून राधाकिशननं दोन वर्षं अर्ज केले होते. आड कोरडा दिसला तरच तलाव मिळणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण मोजणीची माणसं पुढच्या आठवड्यात यायची होती. त्या दिवसासाठी राधाकिशननं बायकांना रिकाम्या घागरी घेऊन उभं राहायला सांगून ठेवलं होतं.

इंजिनिअरनं टेप आत सोडला, वर ओढला, ओला भाग बोटानं मोजला.

"चार फूट," तो म्हणाला. कारकुनानं लिहून घेतलं. सत्यभामा जवळच उभी होती, म्हणून त्यानं तिलाच विचारलं, "मावशी, एवढं पाणी कायम असतं का?"

राधाकिशननं टोपी काढली आणि नसलेली धूळ झटकली. त्याला बोलता आलं असतं. तो तिच्याकडे बघत राहिला. अर्जुनरावही बघत होते. दारात गहिनीनाथ इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. तो मात्र खाली मातीकडे बघत होता.

सत्यभामेनं पदर पुढं ओढला.

"असतंय," ती म्हणाली. आणि कुणी न विचारताच पुढं म्हणाली, "उन्हाळ्यात जरा खाली जातं, एवढंच."

इंजिनिअरला बरं वाटलं. दोन दिवसांत सात गावं फिरलो, पाण्याचं एक तरी गाव भेटलं, असं सांगून तो जीपमध्ये बसला. अर्जुनरावांनी जेवणाआधीच सुपारी फोडली.

आराखडा छापून आला. 'पिण्याचे पाणी पुरेसे' असलेल्या गावांत या गावाचं नाव होतं. राधाकिशननं ते एकदा वाचलं, पुन्हा अर्ज केला नाही, आणि वहिनीला कधी टोचूनही बोलला नाही. सोसायटी उघडली नाही. तो मुलाकडे औरंगाबादला गेला आणि तिथंच वारला. गहिनीनाथ पुढं सरकारी टँकरवर ड्रायव्हर झाला. इंजिनिअर मोठ्या पदाला चढला म्हणतात. त्याचा काही दोष नव्हता. त्यानं दिसलं ते लिहिलं.

सून ताराबाई एकोणीस वर्षं नदीवरून पाणी वाहत राहिली. सासूला तिनं कधी जाब विचारला नाही. अर्जुनराव गेले त्या साली, माहेराहून दिवस करून परतल्यावर, ज्वारी निवडता निवडता ती बोलली.

"आप्पांनी पहिल्या घोटालाच वळखलं व्हतं. घरी येऊन आईला म्हणाले, पाण्याला दुधाचा वास हाय, आड कोरडा हाय. पर पाव्हण्यासाठी माणसं एवढं वाहून आणत्यात, घर चांगलं हाय. आडाकडं जायच्या आधीच त्यांनी मला इथं द्यायचं ठरवलं व्हतं."

सत्यभामेचा हात सुपातच थांबला.

"जीप यायच्या आधी?"

"आधीच की. कावून?"

"काही न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचू लागली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. शेवटची दोन अंथरुणावर. तोंडाला कोरड पडली तरी तिनं पाणी मागितलं नाही. ताराबाई आपणहून आणून पाजायची.