वास नसलेली पोर्ट

"मेलेली आहे," बाबा म्हणाले आणि माझी पोर्ट वाइन पचकन भांड्यात थुंकले. "वासच नाही हिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच हंगामाची द्राक्षं, पाच वर्षं लाकडी पिंपात आणि मग बाटली. उशिरा बाटलीबंद होणारी पोर्ट म्हणतात ती हीच. हे पिंप माझं होतं, तळघरात मी ते लेकरासारखं जपलं होतं. म्हणून तर आज पहिल्यांदा मला वाइन चाखायच्या खोलीत घेतलं होतं. इथे नापास झाली की स्वस्तातल्या मिश्रणात ओतली जाणार, विषय संपला.

आमच्याकडे आधी थोरला बोलतो, मग बाकीचे. काकाने माझ्या डोळ्यांदेखत ग्लासात नाक खुपसून सुखाने डोळे मिटले होते. आता म्हणतो, "हो दादा, वास नाहीच." चुलतभावानेही नंदीबैलासारखी मान हलवली.

"काका, धडधडीत खोटं बोलू नकोस! पिकलेला आलुबुखार, काळी मिरी, सगळी खोली भरलीय वासाने!"

"आवाज खाली," बाबा म्हणाले. "स्वतःचं बाळ सगळ्यांनाच गोंडस दिसतं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. बूच कुजलेली एक बाटली बूचवाल्याकडे परत पाठवायची म्हणून कोपऱ्यात ठेवली होती. ती उघडली. ओल्या पुठ्ठ्याची असली घाण सुटली की चुलतभावाने नाक दाबलं. मी बाबांच्या ग्लासात ओतली. "आता ही सांगा."

बाबांनी ग्लास फिरवला, हुंगला, घोट तोंडात घोळवला.

"ही त्यापेक्षा बरी आहे."

मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

"बाबा, ही नासलीय. नाकाशी धरवत नाही."

त्यांनी पुन्हा हुंगलं. पुन्हा एकदा. वर्षभर जेवणाला चव नाही म्हणून सुनेला टाकून बोलणारे माझे बाबा हळूहळू काकाकडे वळले. "तुला येतोय वास?"

काकाने मान खाली घातली. "येतोय."

"आणि गेल्या वर्षीची पिंपं? मी ओतून टाकायला लावली ती?"

"चांगली होती, दादा. पण तू बोलल्यावर मी काय बोलणार?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला आणि ते बाहेर गेले.

दार लागताच काका माझ्यावर उखडला. "झालं समाधान? म्हाताऱ्या बापाची चारचौघांत अब्रू घेतलीस!"

"मी घेतली? तू वर्षभर त्यांचा मान राखलास ना, काका? एकदा तोंडावर शिवी घातली असतीस, तर ते डॉक्टरकडे तरी गेले असते."