टॉर्चवाल्यांची सहल

गुहा बघायचा हट्ट माझा होता. कधीकाळी लाव्हा वाहून गेला आणि मागे लांबलचक बोगदा उरला. त्यातून चालायचं म्हणून सकाळपासून आम्ही काळ्या, खडबडीत दगडांवर ठेचकाळत आलो होतो. आत शिरलो तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. नवऱ्याने टॉर्चचं बटण दाबलं. काही नाही. सासऱ्यांनी दाबलं. तिथेही ठणठण गोपाळ. माझीही पेटेना.

"यात सेल आहेत ना?" मी विचारलं.

"आपल्या दुकानातल्या टॉर्चमध्ये सेल कधी ठेवतो का?" सासरे म्हणाले. "गळतात, माल खराब होतो. मी काढूनच ठेवतो."

"मला वाटलं, निघताना बाबांनी घातले असतील," नवरा म्हणाला.

म्हणजे अख्ख्या गावाला टॉर्च विकणारं आमचं घर बिनसेलाच्या टॉर्च घेऊन डोंगर चढलं होतं! फोनची बॅटरी तर वाटेतच फोटो काढून काढून संपवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आल्या. "अहो काका, ही तुमच्याच दुकानातली टॉर्च! छान चालते हो. आमचं बघून झालंय, घ्या तुम्ही. मी नंतर दुकानातून घेऊन जाईन."

सासऱ्यांचे हात आपोआप मागे गेले. "विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

मी ती टॉर्च जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि आत निघाले.

"अगं, आणि आम्ही?" नवरा मागून ओरडला.

"तुम्ही दोघं दुकान सांभाळा!"