तिसऱ्या पानावरचे दात

टायपिस्टबाईंची बोटं थबकली. "वरच्या हिरडीतले दोन्ही दात शाबूत होते," असं साक्षीच्या पिंजऱ्यातले तज्ज्ञ डॉक्टर कागदावरून वाचत होते, आणि गेलेलं बाळ होतं अडीच महिन्यांचं.

बाईंनी वर पाहिलं. मग शब्दाला शब्द टाइप केलं. कामच ते त्यांचं.

"मुद्दाम गदागदा हलवल्याशिवाय अशा इजा होत नाहीत," डॉक्टरांनी शेवट केला. हे वाक्य बाईंना पाठ होतं. गेल्या वर्षी पाळणाघरवालीच्या खटल्यात ते असंच, याच जागी खाकरून आलं होतं. ते बाळ मात्र वर्षाचं होतं.

आरोपी म्हणून उभी असलेली आई एकदम बोलली.

"त्याला दात नव्हते हो."

"मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीश म्हणाले. "बचाव पक्ष, उलटतपासणी?"

तिचे वकील फाइलीआड मोबाइल चाळत होते. ते अर्धवट उठले.

"काही प्रश्न नाहीत."

आणि बसलेसुद्धा. पोटचं पोर गमावलेल्या बाईला जन्मठेप होऊ घातली होती, आणि या गृहस्थांना त्या तीन शब्दांवर चौथा काढायचीही तसदी नको होती.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर आणि बचावाचे वकील गप्पा मारत बाईंच्या टेबलाला टेकले.

"बाई, ती दातांची ओळ गाळा," डॉक्टर म्हणाले. "मागच्या केसमधली राहून गेली. एकावरून दुसरा उतरवतो आम्ही अहवाल. वेळ कुणाला आहे?"

"गाळा, गाळा," वकील म्हणाले. "आमची हरकत नाही. उगाच किचाट कशाला?"

बाईंना शिसारी आली. त्यांनी प्रिंट काढून पानं पुढे सरकवली.

"वाचून सही करा, साहेब."

"तुम्ही टाइप केलंय ना, मग झालं." डॉक्टरांनी पाचही पानांवर सटासट सह्या ठोकल्या. दोघं जेवायला गेल्यावर बाईंनी टेबलाची कड ओल्या फडक्यानं दोनदा पुसली.

संध्याकाळी जिन्यात आरोपीचा भाऊ बसला होता. बावीस वर्षांत बाई कुठल्याच पक्षकाराशी कामाबाहेर बोलल्या नव्हत्या. आज थांबल्या.

"दादा, उद्याच्या उद्या वकील बदला. नव्याला डॉक्टरांच्या साक्षीचं तिसरं पान वाचायला लावा."

"काय आहे त्यात?"

"डॉक्टर बोलले तेच," बाई म्हणाल्या. "मी एक अक्षर गाळलेलं नाही."